सांगून टाकलेली जागा

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत. नातवाने विचारलं, आमच्या तळ्यातल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी स्वतःची पहिली काठी कुठली घेऊ? आणि नातीने विचारलं, आजोबांनाही मासे पकडता येतात ना, मग ते तुझ्याबरोबर कधीच कसे जात नाहीत? पहिल्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं असतं, पण फोनवर ऐकलेलं दुकानात पोचेपर्यंत तुम्ही विसरता. दुसऱ्याला मी, त्यांना सकाळी उठवत नाही, असं काहीतरी म्हणाले. ते खरं नव्हतं. म्हणून दोन्ही उत्तरं लिहून पाठवते आहे. लग्नाआधी आणि नंतरही मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी मासे मला मराठीतच सुचतात. तुमच्या आईला वाचून दाखवायला सांगा. यातल्या काही प्रसंगांना ती हजर होती, त्यामुळे कुठे चुकले तर तीच सांगेल.

आधी काठी. साडेसहा-सात फुटांची स्पिनिंगची घ्या. मध्यम ताकदीची, आणि टोकाशी चटकन वाकणारी. दुकानात काठी नुसती हवेत हलवून बघू नका, टोक छताला हलकेच टेकवा आणि कुठून वाकते ते बघा. वरच्या तिसऱ्या हिश्श्यातच वाकली तर ती तुमची. रीळ पंचवीसशे नंबरचं पुरे. त्यावर दहा पौंडांचा विणलेला दोर भरा आणि पुढे दोन-तीन हात आठ पौंडांचा फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडा. तुमच्या तळ्याचं पाणी काचेसारखं आहे, मी दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या लाकडी धक्क्यावर उभी राहून पाहिलंय, आणि तिथल्या बासला जाडा दोर तुमच्याआधी दिसतो. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करा. तुमची आई शी म्हणेल, तरी करा. कोरडी गाठ आवळताना दोर भाजतो, आणि नेमका मोठा मासा लागला की तिथेच तुटतो.

आमिष म्हणून सुरुवातीला एकच गोष्ट घ्या, तपकिरी-हिरव्या रंगाची रबराची ट्यूब. तिच्या आत पाव औंसाहून हलकं शिसं. तुमच्या तळ्यातल्या नांगीवाल्या क्रेफिशसारखी ती दिसते. ती फेकून तळाला बसू द्या आणि खडकांवरून हळू ओढा. जितकं हळू ओढावंसं वाटतं त्याच्याही निम्म्याने. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. त्याने मासे थोडे जास्त सुटतील, पण जे हाती येतील त्यांना जखम न करता परत सोडता येईल. माशाला हात लावण्याआधी हात पाण्यात भिजवा. फोटोसाठी त्याला जबड्याने लोंबकळत ठेवू नका, दुसरा हात पोटाखाली घ्या.

आणि हे नीट वाचा. वसंतात पाणी उबदार व्हायला लागलं की नर बास काठालगतच्या खडीत खळगा करतो. मादी तिथे अंडी घालून निघून जाते. नर एकटा राखण करत थांबतो. त्या दिवसांत तो कशावरही झेप घेतो, तुमच्या ट्यूबवर, बोटावर, पानावर. त्याला पकडणं अगदी सोपं असतं, म्हणूनच पकडायचं नाही. तुम्ही त्याला वर काढून फोटो घेईपर्यंत बारके मासे अंडी फस्त करतात. खळग्यावर उभा नर दिसला की काठी खांद्यावर टाकून पुढे चालू लागायचं.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. माझे वडील कोकणात शाळामास्तर होते आणि रविवारी खाडीवर गरवायला जायचे. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडेपर्यंत होड्या उतरवत नाहीत, तसा वडिलांचाही स्वतःपुरता एक नियम होता. माशाचं पोट भरलेलं दिसलं की परत पाण्यात. आई खवळायची, कारण गाबोळी म्हणजे तिचा जीव की प्राण. गाबोळी म्हणजे माशाची अंडी, रव्यात घोळवून तळतात, तुम्ही माझ्याकडे कधी खाल्लेली नाहीत आणि का ते आता कळेल.

तुमची आई चौथीत असताना आम्ही शारजाला गेलो. आजोबांना तिथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका ॲल्युमिनियमच्या कंपनीत एस्टिमेटरची नोकरी लागली होती. मी नोकरी सोडून गेले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांच्या पासपोर्टवर तेव्हा शिक्का असायचा, गृहिणी, काम करण्यास परवानगी नाही. मी वर्गात चाळीस मुलींसमोर उभी राहणारी बाई, आणि आता आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीत डबे पुसत होते. तक्रार नाही करत. पगार चांगला होता, शाळा चांगली होती, शेजारपाजार आपलाच होता. पण त्या देशात माझं म्हणून काही नव्हतं, आणि गाडीसुद्धा मला चालवता येत नव्हती.

सुट्टी फक्त शुक्रवारची. एका शुक्रवारी आम्ही उम्म अल क्वैनच्या पुढे, जिथे डांबरी रस्ता सोडून वाळूतून जावं लागायचं, अशा ठिकाणी सहलीला गेलो. आजोबा जेवून गाडीत सीट मागे टाकून झोपले. तुमची आई शंख वेचत होती. मी ओहोटीच्या मागे मागे चालत गेले. पाणी फार मागे हटलं होतं आणि त्यातून खडकाची एक लांब पायरी उघडी पडली होती, तिच्या पुढे एकदम खोल, गडद पाणी. कोकणातल्या मुलीला अशी पायरी दिसली की दुसरं काही दिसत नाही. भरतीला मासे त्या पायरीला घासून वर येणार आणि ओहोटीला त्याच वाटेने खाली जाणार. तुमच्या तळ्यातही हेच शोधा. उथळ आणि खोल जिथे एकमेकांना भेटतात ती कड. महागडी काठी घेऊन चुकीच्या पाण्यात उभं राहण्यापेक्षा बांबूला दोर बांधून कडेवर बसलेलं बरं.

त्यानंतर बरेच शुक्रवार मी आजोबांना तिथेच न्यायला लावलं. आधी नुसता हातदोर घेऊन गेले, प्लास्टिकच्या चकतीवर गुंडाळलेला, दुबईतल्या डेऱ्याच्या खाडीजवळच्या दुकानातून आणलेला. आमिष कधी कोळंबी, कधी माकूळ, म्हणजे स्क्विड. भरतीची कुठली वेळ, वारा कुठून, पायरीचं कुठलं टोक, हे समजायला एक आख्खा हिवाळा गेला. मग पहिला हमूर लागला. हमूर म्हणजे आपल्याकडचा गोब्रा. तो तोंडात आमिष धरून सरळ खडकाच्या कपारीत घुसतो, आणि पहिल्या दोन हातांत त्याला वळवलं नाही तर दोर कापून जातो. मी तो वर काढला तेव्हा माझ्या हाताला चिखल आणि मीठ यांचा वास होता, अगदी वडिलांच्या खाडीसारखा. मी रडले असं तुमची आई सांगते. मला तसं आठवत नाही. आजोबा मात्र हसून म्हणाले होते, "हे तुझं माहेरच म्हण की."

तेच नाव पडलं. ऑफिसातून फोन करून ते विचारायचे, शुक्रवारी माहेरी जायचं ना? आमच्या शेजारच्या बाई माझं उत्तर भिंतीपलीकडून ऐकायच्या. एकदा त्यांनी मला लिफ्टमध्ये थांबवून विचारलं, दर आठवड्याला इंडियाला जाता, तुम्हाला कुठलं तिकीट मिळतं हो एवढं स्वस्त? आम्ही दोघं त्यावर महिनाभर हसलो. आजोबांनीही काठी घेतली. ते फेकायचे बरे, धीर कमी होता. आम्ही ठरवून घेतलं होतं की जागेबद्दल कुणाला सांगायचं नाही, आणि उन्हाळा सुरू होताना, जेव्हा पोटुशे मासे पायरीवर गोळा होतात, तेव्हा त्या आठवड्यांत धरलेलं सगळं परत सोडायचं. ते हो म्हणाले होते. शपथ वगैरे नाही, नवरा-बायको रोज जसं हो म्हणतात तसं.

आजोबांच्या कंपनीचे जनरल मॅनेजर आपलेच, पुण्याचे. त्यांनाही मासेमारीचा नाद लागला होता. त्यांच्या गाडीच्या टपावर कायम काठ्या बांधलेल्या असायच्या. एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी मला आपलं नवं रीळ दाखवलं आणि म्हणाले, "आठशे दिरहम, वहिनी. एक शून्य चढवा आणि रुपये मोजा." मी चांगलं आहे म्हटलं, कारण चांगलंच होतं. त्यांना मासा मात्र लागत नव्हता. ऑफिसात ते शनिवारपासून गुरुवारपर्यंत त्याचंच रडगाणं गायचे, असं आजोबा मला गमतीने सांगायचे. पुढे पुढे सांगायचे बंद झाले. त्याच सुमारास आजोबांना शुक्रवारी काम निघायला लागलं. टेंडर आहे, साइट आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी विश्वास ठेवला. न ठेवण्याचं कारण नव्हतं.

मे महिन्यात साहेबांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. मोठं घर, मोठं टेबल. साहेबांच्या पत्नी फार अगत्याच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्या स्वतः वाढत होत्या. माझ्या पानात त्यांनी गाबोळीचा भला मोठा तुकडा ठेवला, रव्यात खरपूस तळलेला. म्हणाल्या, संकोच करू नका, फ्रीजर भरलाय. मी विचारलं कुठून आणता. मला वाटलं, मासळी बाजारातल्या एखाद्या दुकानाचं नाव सांगतील.

त्या हसायला लागल्या. "अहो वहिनी, आमचे हे दर शुक्रवारी पहाटे उठून सांगतात, मी माहेरी चाललो. मी म्हटलं, पुरुषांना कधीपासून माहेर फुटलं?"

सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी आजोबांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले की जागा हेरायला नजर लागते, तुमच्या मिस्टरांकडे ती आहे, दोन वर्षं खपून शोधली म्हणे त्यांनी. मी आजोबांकडे पाहिलं. ते ताटात मान घालून काटे काढत होते. गाबोळीत काटे नसतात.

मला आजही नेमकं सांगता येत नाही की जास्त काय लागलं. जागा सांगितली, हे एक. स्वतः शोधली म्हणून सांगितली, हे दुसरं. पण माहेर हा शब्दही दिला होता. तो तर मासे पकडायला लागत नाही. खुणा सांगायच्या, वाळूतला रस्ता सांगायचा, भरतीची वेळ सांगायची, एवढ्यावर काम भागलं असतं. शब्द त्यांनी गंमत म्हणून दिला, साहेबांना हसवायला.

मी गाबोळी खाल्ली. दुसऱ्याच्या घरी पानात टाकायची आम्हाला सवय नाही.

परतताना गाडीत तुमच्या आईने मागच्या सीटवरून विचारलं, "आई, हाऊ डज अंकल नो अबाउट माहेर?" आजोबांनी एसीचा पंखा वाढवला.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि तोच प्रश्न विचारला, मराठीत. ते आधी म्हणाले की साहेबांनी तीन वेळा विचारलं, तिसऱ्यांदा नाही कसं म्हणणार. मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो म्हणायचं. त्यावर त्यांना हसू आलं. बायकोला विचारून सांगतो, असं इंडस्ट्रियल एरियातल्या ऑफिसात, सगळ्यांच्या देखत? मग ते म्हणाले कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, रिन्यू करणं साहेबांच्या हातात आहे, व्हिसा त्याच्यावर आहे, मुलीची शाळा व्हिसावर आहे. हे सगळं खरं होतं. त्यांनी हे मला मार्चमध्ये, साहेबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगितलं असतं तर मी स्वतः साहेबांना पायरीवर उभं केलं असतं, आणि कुठले आठवडे सोडायचे तेही समजावलं असतं. मी तसं म्हणालेही.

तेव्हा ते चिडले. "एक जागा तर सांगितली. समुद्र काय तुझ्या वडिलांनी आंदण दिलाय?"

मी म्हटलं, "नाही. पण तुम्हाला मी दिला होता."

त्यावर ते उठून गॅलरीत गेले. चहा तसाच राहिला.

मी पुढच्या शुक्रवारी मला तिथे घेऊन चला असा हट्ट धरला. आजोबांनी खूप टाळलं, ऊन फार आहे म्हणाले, पण शेवटी नेलं. वाळूच्या रस्त्याला आता खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. पायरीजवळ तीन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. साहेब होते आणि त्यांचे चार दोस्त होते, बर्फाच्या पेट्या होत्या. खडकांत नायलॉनचे गुंते अडकले होते, आणि नको असलेले बारके मासे तिथेच टाकलेले, उन्हाने चामड्यासारखे वाळलेले. मधेच तुम्हाला सांगते, तुटलेला दोर कधीही पाण्याकाठी टाकू नका. खिशात घालून घरी आणा आणि कात्रीने बोटभर तुकडे करून मग कचऱ्यात टाका. अख्ख्या दोरात पक्ष्यांचे पाय अडकतात. त्या दिवशी एक समुद्रपक्षी तसा अडकलेला मी पाहिला. सोडवायला गेले तर तो मला चावला, पण सुटला.

साहेबांनी मला पाहून लांबूनच हात केला. "या वहिनी, या. आमच्या माहेरी स्वागत आहे."

त्यांच्या एका दोस्ताने तेवढ्यात हमूर वर काढला. चांगला मोठा, पोट टम्म. त्याने पोट दाबून पाहिलं आणि भरलीय म्हणून ओरडून सांगितलं. मी साहेबांना म्हटलं की हे दिवस त्यांचे अंडी घालायचे आहेत, पोटुशे तेवढे सोडून देऊ या. साहेब मुळीच रागावले नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, गाबोळीसाठीच तर येतो." हमूर पेटीत गेला.

मग त्यांना वाटलं असावं की बाई एकटी उभी आहे, तिचाही वेळ जायला हवा. त्यांनी आपली काठी माझ्यापुढे धरली. ते आठशे दिरहमांचं रीळ काठीच्या वरच्या बाजूला आलं होतं, म्हणजे काठी उलटी धरली होती आणि हँडल उलटं फिरवत होते. स्पिनिंगचं रीळ नेहमी काठीच्या खाली लोंबतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी आजोबांकडे पाहिलं. त्या वेळी मला त्यांच्याकडून फार काही नको होतं. माफी नको होती. एवढंच हवं होतं की त्यांनी म्हणावं, साहेब, ही जागा हिची आहे. हसत म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ते म्हणाले, "सर, हिलाही जरा शिकवा."

मी काठी हातात घेतली. साहेबांनी सांगितलं तसं, उलटं धरून, शिकून घेतलं. हो का, असं का, म्हणत राहिले. दोर जवळच वाळूत पडला. साहेब म्हणाले, होईल हळूहळू. मग मी काठी परत दिली आणि गाडीत जाऊन बसले. दार उघडंच ठेवलं होतं, उन्हाने सीट तापली होती. आजोबा तिथेच उभे राहून साहेबांच्या पेटीतला बर्फ नीट करत होते.

त्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. सगळ्यांचंच झालं, ज्यांनी साहेबांना मासे दाखवले नव्हते त्यांचंही.

पुढच्या वर्षी पायरीवर काही आलं नाही. मी दोनदा जाऊन आले, शेजारणीच्या नवऱ्याच्या गाडीतून, मुलांना समुद्र दाखवायचा म्हणून. पाणी तेच, कड तीच, आणि भरतीच्या ऐन वेळेला दोर नुसता लाटेबरोबर हलत राहिला. साहेबांनी आजोबांना सांगितलं, "ती जागा खलास. दुसरी बघा." एके दिवशी संध्याकाळी आजोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं की दुसरी एखादी जागा तुझ्या लक्षात आली आहे का. मी कणीक मळत होते. मी नाही म्हटलं. ते खरंच होतं, त्या दिवशी.

त्यानंतर मी गाडी शिकायला लागले. तिकडच्या लायसन्सपुढे विद्यापीठाची परीक्षा सोपी. माझे शिकवणारे उस्ताद पेशावरकडचे होते, पांढऱ्या दाढीचे, आणि मी गिअर चुकले की ते खिडकीबाहेर बघून देवाशी बोलायचे. "मॅडम, शीशा देखो, शीशा, अपना मुँह नहीं, पीछेवाला." मी बरेचदा नापास झाले. आजोबांना वाटलं मी भाजी-दूध आणायला, तुमच्या आईला क्लासला सोडायला शिकते आहे. तेही करत होतेच. पास झाले तेव्हा उस्तादांनीच लाडू मागितले. मी नेऊन दिले.

मग जुनी, छोटी गाडी घेतली आणि शोधायला लागले. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, तुमची आई शाळेत असताना. ओहोटी कधी आहे ते बघून निघायचं आणि किनाऱ्याने चालत राहायचं. नकाशापेक्षा ओहोटी जास्त सांगते. कोरड्या पडलेल्या तळाच्या खुणा एकदा मनात बसल्या की पाणी भरल्यावरही तुम्हाला तळ दिसत राहतो. तुमच्या तळ्यालाही शरद ऋतूत पाणी जरा उतरतं, तेव्हा काठी घरी ठेवून नुसतं फिरून या. मला जागा मिळायला दीडेक वर्ष लागलं. कुठे, ते तुम्हालाही सांगणार नाही. तिला मी नाव ठेवलेलं नाही.

मी घरी हमूर आणायची, शेरी नावाचा तिकडचा मासा आणायची. साफ करून, तुकडे करून, कालवण करून ताटात वाढायची. पहिल्यांदा आणला तेव्हा आजोबांनी विचारलं कुठे मिळाला. मी म्हटलं, समुद्रात. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कालवण छान झालंय म्हणाले. आमच्यात भांडण नव्हतं. आम्ही एकत्र सिनेमाला जायचो, मंडळाच्या गणपतीला जायचो, तुमच्या आईच्या परीक्षांना एकत्र जागायचो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसलं नसतं. मला मात्र मोठा मासा लागला की शेजारी वळून काहीतरी बोलायची सवय होती, ती मोडायला फार वेळ लागला. अजूनही पुरती मोडलेली नाही, म्हणून तुमच्या धक्क्यावर मी त्या दिवशी एवढी बडबडत होते.

दोन हजार सालानंतर, साहेब कायमचे पुण्याला निघून गेले होते आणि तुमची आई कॉलेजला बाहेर होती, तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी सकाळी मी चपला घालत होते, तर आजोबा बाहेर आले. टोपी घातलेली, हातात त्यांची जुनी काठी. तिच्या कड्या गंजल्या होत्या. समुद्रावरून आल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्याने धुवायचं असतं, ते त्यांनी कधीच केलं नाही.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

मी दुसरी चप्पल घातली, किल्ली घेतली. मग चला म्हटलं. गाडी मी चालवली. माझ्या जागेकडे जायला नेहमीच्या चौकात डावीकडे वळायचं होतं, मी सरळ गेले, शारजाच्या कॉर्निशवर. तिथे कट्टा आहे, बाकं आहेत, लोक चालायला येतात. पाणी उथळ, तळ सपाट वाळूचा, कड कुठेच नाही. आजोबांनी कोळंबी लावली आणि दोर टाकला. फेक अजून चांगली होती. मी बाकावर बसले. माझी काठी मी डिकीतून काढलीच नाही.

ऊन वर येईपर्यंत ते तिथे उभे होते. दोनदा आमिष बदललं. शेवटी मागे न बघता म्हणाले, "इथे काही नाही."

"नाही," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

त्यांनी दोर हळूहळू गुंडाळला, आमिष तपासलं, आणि पुन्हा तिथेच टाकला. मी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि एक त्यांच्या बाजूला कट्ट्यावर ठेवला. तो त्यांनी प्यायला. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.